दाढ ठणकली: गोळी घ्यावी की खुर्चीत बसावं?

आंब्याच्या दिवसांत रात्री साडेआठनंतर माझ्या दुकानात येणाऱ्यांपैकी एकाचा तरी हात गालावर असतो. दिवसभर कलमांवर, मग पेट्या भरायच्या, टेम्पो रवाना करायचा, आणि सगळं उरकलं की दाढेची आठवण होते. काउंटरवर कोपर टेकून तो म्हणतो, "दाढ ठणकता रे. गेल्या वक्ताक दिलेलस ती गोळी दी." गेल्या वेळची गोळी कोणती ते त्याला आठवत नसतं. रंग तेवढा आठवतो.

देवगड तालुक्यात औषधाचं दुकान चालवायला लागून मला बावीस वर्षं झाली. मी दातांचा डॉक्टर नाही, औषधवाला आहे. गोळी खपली तर चार पैसे मला मिळतात, दाढ काढली तर मिळत नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझा स्वार्थ कुठल्या बाजूला आहे ते तुम्हाला ठाऊक असेल.

लोक विचारतात, "कुठली अँटिबायोटिक चांगली?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की, या दुखण्याला अँटिबायोटिक लागू पडते का, आणि पडत असेल तर तिच्याकडून किती दिवसांचं काम करून घ्यायचं आहे? बहुतेक वेळा गोळी दिवस विकत घेऊन देते. दुखणं बरं होतं ते डॉक्टरच्या हातानं: दाढ उघडून, पू काढून, नस साफ करून किंवा दाढच काढून.

असं का, ते हापूसवाल्या माणसाला समजावणं सोपं आहे. आंबा वरून पिवळाधमक, वासाला पहिल्या प्रतीचा, आणि कापला की आत साका, म्हणजे बिघडलेला गर. त्या फळावर आता बाहेरून काहीही मारा, आतलं सुधारत नाही. किडलेल्या दाढेचं तसंच होतं. दाढेच्या पोकळीत नस असते आणि बारीक रक्तवाहिन्या असतात. कीड आतपर्यंत पोचली की हे सगळं सुजतं आणि मरतं. गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्तातून दुखऱ्या जागी. पण मेलेल्या नसेत रक्तच फिरत नाही, मग औषध पोचणार कुठून? मुळाच्या टोकाशी साठलेल्या पुवातही ते अपुरंच झिरपतं. शिवाय जंतू तिथे सुटे नसतात, चिकट थर करून बसलेले असतात. औषध पोचतं ते आजूबाजूच्या जिवंत भागात. म्हणून पसरत चाललेली सूज आणि ताप यांवर गोळी चालते, आणि मुळाशी असलेलं घर तसंच राहतं.

नुसता ठणका, सूज नाही

गार पाणी लागलं की कळ जाते आणि बराच वेळ राहते. गरम चहाने वाढते. रात्री आडवं झालं की ठणका डोक्यात घुमतो. गाल मात्र सुजलेला नाही, ताप नाही. ही जिवंत पण सुजलेली नस. इथे गोळी आणि दातांच्या डॉक्टरची खुर्ची यांची तुलना करण्यासारखं काही नाहीच, कारण अँटिबायोटिकचा इथे उपयोग नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत तर असं म्हटलंय की डॉक्टर लगेच मिळणार नसला तरीही या दुखण्याला अँटिबायोटिक देऊ नका. यावर चाचणीही झालेली आहे. लहानशीच, ४० माणसांची. काहींना पेनिसिलिन दिलं, काहींना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. दुखण्यात फरक पडला नाही.

"पण मला तर गोळीने थांबलं होतं," हे मी शंभरदा ऐकलंय, आणि ते खोटं नसतं. फक्त श्रेय चुकीच्या गोळीला जातं. एक तर अँटिबायोटिकबरोबर आम्ही दुखण्याची गोळी देतोच, आणि काम ती करते. दुसरं, काही वेळा नस स्वतःच मरते. मेलेली नस दुखत नाही. माणूस खूश होतो, उरलेल्या कॅप्सूल देवाच्या फळीवर ठेवतो, आणि पाच-सहा महिन्यांनी त्याच दाढेखाली गळू धरतं. कधी हिरडीवर पुटकुळी येऊन फुटते, खारट पू तोंडात येतो आणि ठणका एकदम उतरतो. तेव्हाही वाटतं गोळी लागू पडली. खरं तर पुवाला वाट मिळाली, एवढंच झालेलं असतं.

नुसत्या ठणक्यावर रात्र काढायची असेल तर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही जोडी बरी, ज्यांना ती चालते त्यांना. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको. गरोदरपणात पॅरासिटामॉलवरच थांबा. लवंग चालते, तिच्यातलं युजेनॉल खरंच बधिरपणा आणतं, आणि दातांचे डॉक्टर तात्पुरत्या सिमेंटमध्ये तेच वापरतात. तेलाचा एक थेंब कापसावर घेऊन किडीच्या खड्ड्यात ठेवायचा. बाटली उपडी केली तर हिरडी भाजते. बिब्बा लावू नका. ॲस्पिरिनची गोळी हिरडीशी दाबून धरू नका. दोन्हींनी भाजलेली तोंडं मी पाहिली आहेत, आणि त्या माणसांना दाढेपेक्षा भाजल्याचं दुखणं जास्त झालं होतं.

सूज आहे, पण ताप नाही

हिरडीवर किंवा गालावर एका जागी सूज, दाबलं की दुखतं, दाढ उंच झाल्यासारखी वाटते, चावताना आधी तीच लागते. पण जेवण जातं, तोंड उघडतं, अंग गरम नाही. गोळी आणि खुर्ची यांची खरी तुलना इथेच होते.

खुर्ची आज किंवा उद्या मिळत असेल तर गोळीची सहसा गरज नसते. डॉक्टर दाढ वरून उघडतात किंवा हिरडीला छोटा छेद देतात, पू निघतो, आणि दाब उतरल्याबरोबर अर्धं दुखणं तिथेच संपतं. मग रूट कॅनॉल करायचं की दाढ काढायची, ते दाढेत किती जीव उरलाय यावर. खुर्ची मिळणारच नसेल, तर गोळी घेऊन दिवस काढणं योग्य आहे आणि त्याच अमेरिकन तत्त्वांत तसं लिहिलेलंही आहे.

"मिळणारच नसेल" याचा अर्थ आपल्याकडे काय होतो ते सांगतो. देवगड बंदरातून ट्रॉलर सुटतो तो पुढचे काही दिवस परतत नाही. तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, एका खलाशाच्या दाढेसाठी बोट वळवणार नाही. हिरडी सुजलेला खलाशी निघायच्या आदल्या संध्याकाळी येतो, तेव्हा त्याने डॉक्टरची चिठ्ठी घेऊन गोळ्या बरोबर नेणं शहाणपणाचं. ताप आला किंवा सूज खाली गळ्याकडे उतरली तर बोट वळवायचीच, हे मात्र तांडेलाला किनाऱ्यावरच सांगून ठेवायचं. बागायतदाराची गोष्ट वेगळी. त्याची खुर्ची अर्ध्या-एक तासावर असते, त्याला फक्त वेळ नसतो. मार्च ते मे तो गोळीवर काढतो, आणि याच महिन्यांत तो माझ्याकडे तीनदा येतो. पहिल्यांदा पाच दिवसांचा कोर्स, दुसऱ्यांदा सात दिवसांचा, तिसऱ्यांदा "जरा जोरातला." तिन्ही मिळून जेवढे दिवस त्याने दुखण्यात घालवले, त्याच्या चौथ्या हिश्श्यात रूट कॅनॉल झालं असतं.

खलाशांना मी एक सांगतो: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा दाढा बघून घ्या. दुखत नसल्या तरी. दुखत नसलेली दाढ नीट करायला कमी बैठका लागतात, आणि सुन्न करण्याचं इंजेक्शनही चांगलं लागू पडतं.

इंजेक्शनवरून आठवलं. "सूज उतरल्याशिवाय दाढ काढत नाहीत" हे आपल्याकडे घरोघरी पक्कं बसलंय. काही डॉक्टरही आधी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून देतात. त्यामागे एक खरं कारण आहे. सुजलेल्या जागी आम्ल वाढतं आणि तिथे सुन्न करण्याचं औषध कमी लागू पडतं. पण त्यावर उपाय आहेत. सुजेपासून लांब, नसेच्या मुळाशी इंजेक्शन देता येतं, निदान पू तरी काढता येतो. सूज असताना दाढ काढली तर विष अंगभर पसरतं ही भीती मात्र आता कोणी धरत नाही. उलट जंतूंचं घर जितकं लवकर रिकामं होईल तितकं बरं. तेव्हा डॉक्टरांनी नुसत्या गोळ्या लिहून परत पाठवलं तर विनयाने विचारा, "डॉक्टर, पू आज काढता येईल का?" कारण असेल तर ते सांगतील. आणि वरचा दात काढला की नजर जाते, हे आजीचं म्हणणं आजीकडेच राहू दे. नजर दात काढल्याने जात नाही. वरच्या सुळ्याची सूज वाढू दिली तर ती डोळ्याकडे चढू शकते, म्हणजे धोका नेमका उलट बाजूला आहे.

ताप, पसरती सूज, तोंड उघडत नाही

इथे गोळी की खुर्ची असा प्रश्नच नाही. दोन्ही, आणि आजच. अंगात ताप, गळ्यात गाठी, तोंडात दोन बोटं उभी जात नाहीत, सूज सकाळपेक्षा संध्याकाळी मोठी. अशा माणसाला अँटिबायोटिक हवीच, पण नुसती अँटिबायोटिक देऊन घरी पाठवणं धोक्याचं.

त्याच्याही पुढची एक पायरी आहे. हनुवटीखाली दोन्ही बाजूंना लाकडासारखी कडक सूज, जीभ वर उचललेली, लाळ गिळता येत नाही, आवाज तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा, आडवं झोपलं की श्वास अडतो. १८३६ साली लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने याचं वर्णन केलं, म्हणून त्याला लुडविग्ज अँजायना म्हणतात. नावात अँजायना आहे पण हृदयाशी संबंध नाही. सुरुवात बहुतेकदा खालच्या मागच्या दाढेपासून होते. अँटिबायोटिक येण्यापूर्वी यात अर्ध्याहून अधिक माणसं दगावत, आणि ती मुख्यतः श्वास कोंडून. असं दिसलं तर दातांचा दवाखाना शोधू नका, माझ्या दुकानातही येऊ नका. ओरोसचं जिल्हा रुग्णालय की कोल्हापूर की गोव्यातलं बांबोळी याची चर्चा अंगणात करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि श्वास अडतोय हे पहिल्या वाक्यात सांगा.

मधुमेह असलेल्यांनी, किमो घेणाऱ्यांनी, स्टिरॉइडवर असणाऱ्यांनी आपली पायरी नेहमी एक पुढची धरायची. म्हणजे ज्या सुजेवर दुसरा माणूस उद्याची वाट बघेल, तिच्यावर तुम्ही आजच जायचं.

आता गोळ्यांची तुलना

चिठ्ठी डॉक्टरची असावी हे गृहीत धरून. पट्टीवर उभी लाल रेघ दिसते ना, ती त्यासाठीच असते.

ॲमॉक्सिसिलिन हा दाताच्या सुजेसाठी पहिला पर्याय. मोठ्या माणसाला सहसा ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. जुनी, स्वस्त, जेवणाआधी-नंतर कधीही चालते, आणि तोंडातले बहुतेक जंतू तिला अजून दबतात. पाच दिवसांचा कोर्स शे-सव्वाशे रुपयांत होतो. गरोदर बाईला दातासाठी द्यायची झाली तर डॉक्टर बहुधा हीच निवडतात. नाव साधं असल्यामुळे गिऱ्हाइकाला ती कमजोर वाटते. कमजोर नाही, नेमकी आहे.

ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट, म्हणजे लोक जिला "सहाशे पंचवीस" म्हणतात. ५०० ॲमॉक्सिसिलिन आणि १२५ क्लॅव्युलॅनिक ॲसिड. काही जंतू ॲमॉक्सिसिलिनला तोडणारं रसायन सोडतात, हा दुसरा भाग त्याला अडवतो. साध्या ॲमॉक्सिसिलिनने तीन दिवसांत फरक पडला नाही तर ही कामाची. सुरुवातीलाच घेण्यात फायदा थोडा आणि जुलाब जास्त. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घेतली तर पोट कमी बिघडतं.

मेट्रोनिडाझोलची गोष्ट मला फार आवडते. हे मूळचं परोपजीवी जंतूंवरचं औषध. १९६२ साली लंडनमध्ये शिन नावाच्या डॉक्टरकडे एका बाईला दुसऱ्याच आजारासाठी ते दिलं होतं, आणि तिच्या सुजलेल्या, जखमा झालेल्या हिरड्याही बऱ्या झाल्या. त्यावरून कळलं की हवेवाचून जगणाऱ्या जंतूंना हे औषध मारतं, आणि खोल गळवांत व हिरड्यांच्या कपारींत तेच जंतू असतात. म्हणून हिरड्यांना व्रण पडून दुर्गंधी सुटते त्या दुखण्यात हे उत्तम. दाताच्या गळवात मात्र एकटं पुरत नाही, कारण तिथे हवेत जगणारे जंतूही असतात. ॲमॉक्सिसिलिन कमी पडली तर तिच्या जोडीला देतात. तोंडाला तांब्याच्या भांड्यासारखी चव येते, लघवी गडद होते, त्याने घाबरू नका. वॉरफरिन घेणाऱ्यांनी मात्र सावध राहायचं, रक्त जास्त पातळ होतं. आणि दारू. गोळ्या चालू असताना आणि शेवटच्या गोळीनंतर दोन-तीन दिवस नाही. उलट्या, धडधड, चेहरा लाल, असं होऊ शकतं. शिमग्याच्या दिवसांत मी ही पट्टी देताना गिऱ्हाइकाच्या बायकोलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात हे सांगतो.

ओफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोल. जुलाबाची म्हणून घरात आलेली आणि दाढेसाठीही सर्रास मागितली जाणारी जोडगोळी. "जोरातली" म्हणजे लोकांना हीच हवी असते. माझं मत: दाढेसाठी नको. जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिकचे गट पाडले आहेत, नेहमी वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. ॲमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल पहिल्या गटात आहेत. ओफ्लोक्सासिन दुसऱ्या. ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिमही दुसऱ्याच. सेफिक्झिम तर २०१४ पासून आम्हाला वेगळ्या वहीत रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव लिहूनच विकावी लागते, आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. एवढं सांगूनही "त्या अमक्याच्या दुकानात देतात" हे ऐकावं लागतंच.

ज्यांना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी ॲझिथ्रोमायसिन किंवा क्लिंडामायसिन. ॲझिथ्रोमायसिनची सोय अशी की दिवसातून एकदाच घ्यायची, पण बऱ्याच जंतूंना ती आता सवयीची झाली आहे. क्लिंडामायसिन हाडापर्यंत चांगली पोचते, पण तिने आतड्यातले चांगले जंतू मरून चिवट, कधीकधी गंभीर जुलाब लागू शकतात, म्हणून ती आता मागे पडली. ॲलर्जी म्हणजे नेमकं काय झालं होतं ते मात्र डॉक्टरांना नीट सांगा. ओठ-जीभ सुजणं, श्वास अडणं, अंगभर गांधी उठणं ही ॲलर्जी. "पोटात मळमळलं" ही ॲलर्जी नव्हे, आणि तेवढ्यावरून सगळ्यात बरं औषध जन्मभर सोडून देण्यात नुकसान आपलंच.

डॉक्सिसायक्लिनचं नाव यायचं कारण खास आपलं. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोच्या तापाच्या भीतीने आरोग्य केंद्रातून मिळालेल्या कॅप्सूल घराघरांत उरलेल्या असतात. दाढ दुखली की कुणीतरी त्यांतली एक गिळतं. दाताच्या गळवावर ही पहिली पसंती नाही, एका कॅप्सूलने तर काहीच होत नाही, आणि लहान मुलाला दिली तर येणाऱ्या पक्क्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. गरोदर बाईलाही नको. घरातली अँटिबायोटिक ज्या दुखण्यासाठी आली त्या दुखण्यापुरतीच.

तीन दिवस की सात?

"कोर्स पूर्ण करा, बरं वाटलं तरी" हे वाक्य मीही वर्षानुवर्षं म्हटलं. दाताच्या बाबतीत आता ते थोडं बदललंय. पू काढला गेला असेल, मूळ कारण हाताळलं असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेप्रमाणे तीन दिवस पुरतात. नसेल तर पाच. अमेरिकन तत्त्वं तीन ते सात म्हणतात, तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा पाहावं आणि लक्षणं गेल्यावर चोवीस तासांनी थांबवावं असं सांगतात. कधी थांबायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. आपल्या मनाने दोन गोळ्यांवर थांबणं वेगळं. तिसऱ्या दिवशी काहीच फरक नसेल तर गोळी बदलून मागायला माझ्याकडे येऊ नका. बहुतेक वेळा गोळी चुकलेली नसते. आत पू राहिलेला असतो.

गोळीशी ज्यांचं नातंच नाही अशी दुखणी

तोंडातलं प्रत्येक लालसर-पांढरं काही जंतूंचं नसतं. तोंड येणं, म्हणजे जिभेवर-ओठाच्या आत गोल दुखरे व्रण, अँटिबायोटिकने बरं होत नाही. आठ-दहा दिवसांत आपोआप जातं. ओठाच्या कडेला पाण्याच्या फोडांचा झुपका विषाणूचा. पुसल्यावर निघणारा दह्यासारखा पांढरा थर बुरशीचा, आणि तो तर अँटिबायोटिकनेच वाढतो. कवळी रात्री न काढणाऱ्या म्हाताऱ्यांत, दम्याचा पंप मारून चूळ न भरणाऱ्यांत हा नेहमी दिसतो. पायरिया, म्हणजे हिरड्यांतून रक्त येणं, दातांवरचा दगडासारखा थर खरवडून साफ करून घेतल्याशिवाय, म्हणजे स्केलिंगशिवाय, हटत नाही. "स्केलिंगने दात हलतात" असं म्हणतात. हलणारे दात आधीच हलत असतात, त्या दगडासारख्या थराने धरून ठेवलेले असतात.

अक्कलदाढ अर्धी बाहेर, अर्धी हिरडीखाली, आणि त्या कपारीत अन्न अडकून सूज. इथे कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा आणि डॉक्टरांकडून कपार धुऊन घेणं हे पहिलं. ताप किंवा तोंड उघडत नसेल तरच गोळी.

आणि जो व्रण दोन-तीन आठवड्यांत भरत नाही, विशेषतः मिश्री लावणाऱ्या, तंबाखू धरणाऱ्या तोंडातला, त्याला कुठल्याही गोळीने झाकू नका. तो तपासायचा असतो, तुकडा काढून. आमच्या वाडीतल्या एका काकींनी मिश्रीच्याच जागी झालेल्या व्रणावर पाच महिने वेगवेगळी मलमं लावली. त्यांतली दोन माझ्याच दुकानातली होती. ते मला आजही टोचतं.

पैसा आणि वेळ

गोळी शे-दोनशे रुपयांत, दहा मिनिटांत. दाढ काढणं त्याच्या कित्येक पट, रूट कॅनॉल आणि वर कॅप म्हणजे काही हजार आणि दोन-तीन फेऱ्या. या हिशेबात गोळी जिंकते, म्हणून तर लोक माझ्याकडे येतात. पण हा एका फेरीचा हिशेब झाला. गोळीचा खर्च दर दोन-तीन महिन्यांनी परत येतो, आणि शेवटी दाढ काढायचे पैसे द्यावेच लागतात, तोवर रूट कॅनॉलने वाचण्यासारखी दाढ राहिलेली नसते. पैशाची अडचण खरी असेल तर उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात दातांचे डॉक्टर असतात, तिथे दाढ नाममात्र पैशांत निघते. रत्नागिरी जिल्ह्यातल्यांना खेडचं दंत महाविद्यालय आहे. शिकणाऱ्या मुलांच्या हातून काम होतं, शिक्षक डोक्यावर उभे असतात, वेळ जास्त लागतो, पैसे कमी. गणपतीत चाकरमानी घरी आलेले असतात तेव्हा मात्र खासगी दवाखान्यांत नंबर लागत नाही. आपल्या दाढेची तारीख त्याआधीची घ्या.

एका गटाला गोळी उपचारासाठी नाही, उपचाराच्या आधी लागते. हृदयात कृत्रिम झडप बसवलेले, पूर्वी झडपेला जंतुसंसर्ग झालेले, काही जन्मजात दोष असलेले. दाढ काढताना क्षणभर रक्तात जाणारे जंतू त्यांच्या झडपेवर बसू शकतात, म्हणून अर्धा ते एक तास आधी ॲमॉक्सिसिलिनचा एकच मोठा डोस, मोठ्या माणसाला दोन ग्रॅम. साधं ब्लडप्रेशर किंवा पूर्वी बसवलेली स्टेंट यासाठी हे लागत नाही. हृदयाची फाइल बरोबर न्या, म्हणजे डॉक्टरांना अंदाज बांधावा लागणार नाही.

आणि दाढ काढून झाल्यावर? साध्या काढलेल्या दाढेनंतर धडधाकट माणसाला सहसा अँटिबायोटिक लागत नाही. कापूस दाबून धरायचा, त्या दिवशी चूळ जोरात भरायची नाही, सिगारेट-तंबाखू नाही, स्ट्रॉने शहाळं नाही, पेल्यात ओतून प्या. तिसऱ्या दिवशी थांबलेला ठणका पुन्हा कानापर्यंत उसळला आणि तोंडाला वास आला तर खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेलेली असते आणि हाड उघडं पडलेलं असतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात, आणि यावर माझ्याकडे गोळी नाही. ज्यांनी दाढ काढली त्यांच्याकडेच परत जा. खड्डा धुऊन त्यात औषधाची पट्टी ठेवायला त्यांना दहा मिनिटं लागतात.